टीबीएमच्या चकत्या काळा पाषाण फोडतात तरी कशा?

निशा_गिरगाव

मुंबईच्या मेट्रो ३ वर इथे बरेच धागे आलेत, स्टेशनं, तिकीट, मोबाईलचं नेटवर्क वगैरे. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला बरेच दिवस सतावतोय. आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, त्यातलं जवळपास सगळं जमिनीखाली, आणि खाली काय तर बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट. आमच्या गल्लीत नुसता पाण्याच्या लाईनसाठी खड्डा खणायचा तर ब्रेकर दिवसभर थडथडत असतो आणि संध्याकाळी बघावं तर गुडघाभर खड्डा. मग ते टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं मशीन, एवढा पाषाण कसा खातं?

मशीनच्या तोंडाचे फोटो मी झूम करकरून बघितले. पुढे दात नाहीतच, पोलादी गोल चकत्या आहेत, आणि त्यांना धारही नाही, कडा चांगली बोटभर रुंद आणि बोथट! पोलाद दगडावर नुसतं गडगडत नेलं तर दगड फुटेल कसा? अ‍ॅनिमेशनमध्ये चकती फिरते आणि माती पडते, मधलं काही दाखवतच नाहीत. चकतीच्या खाली त्या क्षणी नेमकं काय होतं, ते कोणी सांगेल का? मी कॉमर्सवाली आहे, पण समजून घ्यायची तयारी आहे.

कोकणकडा

हिरे लावलेले असणार. आमच्या गावी बोअर मारतात तेव्हा बिटला असतात ना तसे.

मेकॅनिक_मन्या

नाही हो. बोअरवेलच्या हॅमरच्या बिटला टंगस्टन कार्बाइडची बटणं असतात. हिरे असतात कोअर काढायच्या बिटला, म्हणजे जमीन तपासायला दगडाची गोल नळी अख्खी बाहेर काढतात तेव्हा. टीबीएमची चकती साध्या टूल स्टीलची असते. साध्या म्हणजे तशी साधी नाही, उष्णताप्रक्रिया केलेली, रॉकवेलवर ५५ च्या पुढे कडकपणा, पण पोलादच. हिरा नाही.

चहाबाज

चहा घेऊन बसलोय. बोगदेवाला कुठे आहेत, त्यांना हाक मारा कोणीतरी.

बोगदेवाला

आलो आलो, शिफ्ट आत्ता सुटली.

निशाताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात, आमच्याकडे नवीन आलेली इंजिनिअर मुलंसुद्धा हा विचारत नाहीत, थेट मीटर किती झाले तेच बघतात. तर ऐका, जरा लांब होईल.

मशीनच्या पुढच्या तोंडाला आम्ही कटरहेड म्हणतो. मेट्रोच्या मापाचं म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाचं मशीन असेल तर त्यावर चाळीसच्या आसपास डिस्क कटर असतात. १७ इंची डिस्क म्हणजे ४३२ मिलिमीटर व्यास. प्रत्येक डिस्क आपल्या बेअरिंगवर मोकळी फिरते, तिला वेगळी मोटर नसते. कटरहेड मिनिटाला तीनचार फेरे घेतं आणि मागून जॅक ढकलत असतात, त्यामुळे डिस्क फेसवर, म्हणजे समोरच्या दगडाच्या भिंतीवर, दाबली जाऊन गडगडत जाते. प्रत्येक डिस्कचा केंद्रापासूनचा अंतराचा हिशोब वेगळा, म्हणून प्रत्येकीचा स्वतःचा गोल चर पडतो, एकात एक अशी वर्तुळं, दोन चरांमध्ये साधारण ७० ते १०० मिलिमीटर.

आता खरी गोष्ट दाबाची. एका १७ इंची डिस्कवर सुमारे २५ टनापर्यंत भार देता येतो. समजा २० टन दिला. डिस्क दगडात ५ मिलिमीटर रुतली तर तिचा दगडाला टेकलेला भाग किती? लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर आणि रुंदी त्या बोटभर कडेची, म्हणजे आठ-साडेआठ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेवर २० टन! हिशोब केला तर २४० मेगापास्कलच्या घरात दाब जातो. आपला चांगला घट्ट बेसॉल्ट दाबून फोडायला साधारण १०० ते १५० लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे डिस्कच्या बरोबर खालचा दगड टिकूच शकत नाही, त्याचं पीठ होतं.

पण नुसतं पीठ करत बसलो असतो तर मेट्रो आमच्या नातवंडांनी बघितली असती. ते पीठ चारही बाजूंनी कोंडलेलं असतं, पळायला जागा नाही, वरून डिस्क दाबतेय, मग ते आजूबाजूच्या अख्ख्या दगडाला रेटतं. त्या रेट्याने दगडाला तडे जातात, एक खाली खोल जातो आणि काही आडवे, बाजूला. आडवा तडा शेजारच्या चराकडून आलेल्या तड्याला भेटला की मधला दगडाचा पट्टा चपट्या कपचीसारखा सुटून खाली पडतो. खोदाईचं बहुतेक काम त्या कपच्यांनी होतं, पिठाने नाही. दगड दाबाला जेवढा चिवट तेवढा ताणाला नसतो, ताणाची ताकद ढोबळमानाने दहावा हिस्सा. आम्ही नुसतं दाबतो, पण तो फुटतो ताणाने.

निशा_गिरगाव

अरे वा! म्हणजे डिस्कच्या खाली जे होतं त्यापेक्षा दोन डिस्कच्या मध्ये जे होतं ते महत्त्वाचं. हे आजवर कुठेच वाचलं नव्हतं. पण मग एक शंका, दोन चर आणखी लांब ठेवले तर कमी डिस्कमध्ये काम होईल ना? आणि जवळ ठेवले तर लवकर फुटेल?

चहाबाज

थोडक्यात शेजाऱ्याशी संबंध चांगले असल्याशिवाय पाषाणही सुटत नाही. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावतो हे.

बोगदेवाला

निशाताई, दोन्हीकडे तोटा आहे. फार लांब ठेवले तर आडवे तडे एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, मध्ये दगडाची वरंब्यासारखी धार उभी राहते आणि ती शेवटी कटरहेडलाच घासते. फार जवळ ठेवले तर छोट्या छोट्या कपच्या आणि भुकटी, वीज जास्त जाते आणि दगड कमी निघतो. डिस्क एका फेऱ्यात जेवढी रुतते त्याच्या साधारण १० ते २० पट अंतर असलं तर दर घनमीटरला ऊर्जा सगळ्यात कमी लागते. पण चरांमधलं अंतर एकदा मशीन बनलं की बनलं, ते साईटवर बदलता येत नाही. आमच्या हातात राहतो फक्त थ्रस्ट, म्हणजे जॅकचा रेटा, आणि फेऱ्यांचा वेग. म्हणून कडक दगडात थ्रस्ट कमी पडला की रुतणं कमी, गुणोत्तर बिघडतं आणि फुटलेला दगड बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरून नुसती पावडर यायला लागते.

पाथरवट

बोगदेवाला यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचे आजोबा खाणीत काम करायचे, वडारकी. मोठी शिळा फोडायची तर ते आधी तिच्याभोवती फिरून बघायचे, हाताने चाचपायचे, मग एका रेषेत छिन्नीने थोड्या थोड्या अंतरावर खाचा पाडायचे आणि प्रत्येकीत लोखंडी पाचर बसवायचे. मग घण. पण एकाच पाचरीवर दणादण नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ठोका, परत पहिल्यापासून. आवाज बदलायचा. सुरुवातीला ठण्ण, मग हळूहळू बद्द व्हायचा आणि आजोबा हात वर करून सगळ्यांना मागे घ्यायचे. शिळा सरळ रेषेत दुभंगायची, जणू करवतीने कापली.

खाचा फार लांब पाडल्या तर भेग वाकडी जाते, हे ते मला दहा वेळा सांगायचे. तुमच्या चरांच्या अंतराचं वाचलं आणि हेच आठवलं. त्यांनी शाळा पाहिली नव्हती पण दगड ताणाने फुटतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. अशा माणसांच्या जोरावर या मुंबईच्या गोद्या, पूल आणि घाटातले बोगदे उभे राहिले, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

रेल्वेवेडा

पाथरवट, तुमचा प्रतिसाद साठवून ठेवला. भोर घाटात रेल्वे १८६३ ला सुरू झाली, तिथले बोगदे सगळे हाताने भोकं पाडून सुरुंगाचे. कोकण रेल्वेतसुद्धा कडक दगडातले बोगदे ड्रिल आणि ब्लास्टनेच झाले, फक्त ड्रिलिंगला हायड्रॉलिक जंबो आले. तिथला सगळ्यात लांब करबुडे, साडेसहा किलोमीटर. पण जीव काढला तो मऊ मातीतल्या बोगद्यांनी, गोव्यातला पेडणे तर विचारू नका, खणलं की वरून गाळ खाली. कडक दगड परवडला म्हणायची वेळ आली होती.

सह्यकन्या

भूगर्भशास्त्रवाली आहे म्हणून एक भर आणि थोडा विरोध. बोगदेवाला, तुमचं चित्र प्रयोगशाळेतल्या अखंड ठोकळ्याला लागू पडतं. मुंबईखालचा दगड तसा नाही. लाव्ह्याचे थरावर थर आहेत, मध्ये मध्ये ब्रेशिया म्हणजे तुकडे चिकटून झालेला दगड, टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, कुठे थरांमधल्या गाळाचे शेल, कुठे लाल मातकट बोलचा पट्टा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा, खांबासारखे सांधे उभे आहेत. असे नैसर्गिक सांधे असले की अर्धं काम निसर्गानेच करून ठेवलेलं असतं, डिस्कने फक्त शेवटचा धक्का द्यायचा. दोन ठिकाणी दगडाची ताकद कागदावर सारखीच, पण एकीकडे सांधे हातभर अंतरावर आणि दुसरीकडे दगड एकसंध, तर मशीनचा वेग दुप्पटसुद्धा वेगळा पडू शकतो. तेव्हा फक्त मेगापास्कलवरून बोलू नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं म्हणजे कडकपणा वेगळा आणि झिजवण्याची ताकद वेगळी. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, त्यामुळे ताकदीच्या मानाने तो डिस्क कमी झिजवतो. ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट यांचं उलट, तिथे क्वार्ट्झ पोलादावरही ओरखडा काढतं. आपल्याकडे भीती ती पोकळ्या भरलेल्या बेसॉल्टची. पोकळीत झिओलाइट किंवा कॅल्साइट असेल तर मऊ, पण अ‍ॅगेट, कॅल्सिडोनी असेल तर ती सिलिकाच झाली. औरंगाबाद-जळगावकडचे सुंदर दगड दुकानात विकतात ना, तेच कटरच्या जिवावर उठतात.

फ्योर्डकाठी

सह्यकन्या यांना जोरदार अनुमोदन. मी नॉर्वेत असतो, इथल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने टीबीएमचा वेग आणि कटरचा खर्च काढायची जी पद्धत बसवली त्यात दगडातल्या भेगा-सांध्यांना फार मोठं वजन आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सवाल्यांची पद्धत मात्र एका डिस्कखालच्या बलापासून सुरू होते, त्यांच्याकडे मोठं यंत्रच आहे, दगडाचा ठोकळा बांधून त्यावरून खरी डिस्क सरळ रेषेत ओढतात आणि बल मोजतात. दोन घराणी म्हणा. इकडे ऑस्लो ते स्की फोलो लाईनच्या वीस किलोमीटरच्या जोडबोगद्यासाठी चार टीबीएम लावली होती, सगळा जुना नाईस खडक, भयानक टणक आणि क्वार्ट्झ भरपूर. मार्ग २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. नाईसमध्ये कटर बदलणं हे रोजच्या वेळापत्रकातलंच काम असतं.

बोगदेवाला

सह्यकन्या, विरोध मान्य नाही असं नाही, पण साईटवरून सांगतो, सांधे चांगले तेव्हा आणि तोपर्यंतच जोवर फेस जागेवर राहतो. फारच तुटका दगड असला की मोठे ठोकळे सुटून कटरहेडवर आपटतात आणि बकेटची तोंडं अडवतात. डिस्कला त्यापेक्षा एकसंध पाषाण बरा, भार सारखा असतो. आणि सगळ्यात वाईट अर्धा फेस दगड अर्धा माती. प्रत्येक फेऱ्यात डिस्क मऊतून येते आणि कडकाच्या काठावर आदळते. आपटून रिंगचे टवके उडतात, बेअरिंगचे सील जातात. मेट्रो ३ मिठी नदीखालून गेली, तिथे आसपास अशी सरमिसळ होती.

सह्यकन्या

सरमिसळीबद्दल एकशे एक टक्के पटलं. तुटक्या दगडाबद्दल आपण भेटून भांडू.

कोकणकडा

बरं मग मातीत काय करतात? मऊ चिखलात डिस्क टेकवली तर ती फिरणार कशाने?

बोगदेवाला

बरोबर पकडलंत कोकणकडा. डिस्क फिरते ती दगडाच्या पकडीमुळे. चिखलात पकड नसते, डिस्क अडकून एकाच अंगावर घासत राहते. म्हणून मातीसाठी कटरहेडवर स्क्रेपर आणि रिपर असतात, कार्बाइडचे तुकडे बसवलेले, ते खरवडतात. मुंबईत एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही लागतं म्हणून दोन्ही लावावं लागतं. कोस्टल रोडचं 'मावळा' तर स्लरी मशीन होतं, १२.१९ मीटर व्यास, प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी, त्यात कपच्या पाण्यात कालवलेल्या बेंटोनाइटबरोबर पाईपमधून वर येतात.

मेकॅनिक_मन्या

आणि रोडहेडर, ते फिरत्या मुंडक्याने बोगदा खरवडणारं मशीन? त्याला तर टोकदार पिक असतात. तो का नाही वापरत बेसॉल्टला, धार तर त्यालाच आहे.

बोगदेवाला

पिक ओढून खरवडतो, डिस्क दाबून फोडते. पिकच्या टोकावर सगळा भार आणि सतत घासणं, १०० मेगापास्कलच्या पुढे दगड गेला की टोकं भराभर जातात, खर्च परवडत नाही. मऊ टफ, शेलमध्ये छान चालतो.

रेल्वेवेडा

यावरून मला इतिहास सांगायचाच आहे, थांबा. चकतीची कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हूसॅक बोगद्यावर १८५३ मध्ये चार्ल्स विल्सनचं मशीन लावून बघितलं, ते जेमतेम तीन मीटर गेलं आणि बसलं. पुढे शंभर वर्षं सुरुंगच. मग जेम्स रॉबिन्स. त्यांनी १९५० च्या दशकात साउथ डकोटातल्या ओआहे धरणाच्या बोगद्यांसाठी मशीन केलं, त्यात पिक आणि डिस्क दोन्ही होते, दगड शेल, चालून गेलं. नंतर १९५६ ला टोरांटोत हंबर नदीच्या गटाराचा बोगदा आला, तिथे दगड जास्त कडक. पिक सारखे तुटायचे, बदलायचे, परत तुटायचे. शेवटी पिक काढूनच टाकले आणि नुसत्या डिस्कवर चालवून बघितलं, तर मशीन तेवढंच किंबहुना बरंच चाललं! म्हणजे बोथट चकती जिंकली, टोकदार पिक हरला. आजची सगळी हार्ड रॉक टीबीएम त्याच वंशातली.

निशा_गिरगाव

हा किस्सा केवढा भारी आहे! धारदार ते चांगलं असं आपण धरून चालतो.

पेठकरी

पुण्यातून एक हजेरी. आमच्या मेट्रोची मशीनं मुळा, मुठा आणि पवना, कृषी महाविद्यालय ते स्वारगेट. मुठा मशीन मुठा नदीखालून गेलं. वर शनिवार, बुधवार पेठेतले वाडे, कसबा, लोकांनी श्वास रोखून धरला होता. आम्हाला घरात काही जाणवलं नाही, एक रात्री तांब्याभांड्यांची हलकी किणकिण सोडली तर. ही थरथर कशाने होते, कपची सुटताना की डिस्क फिरताना?

बोगदेवाला

दोन्हीने, पण मुख्य कपची सुटताना. तडा धरतो तसा डिस्कवरचा भार चढत जातो आणि कपची सुटली की झटकन उतरतो, परत चढतो. असं चाळीस डिस्कवर सतत चाललेलं. दगड जितका टणक आणि ठिसूळ तितका तो झटका तीव्र. सुरुंगाच्या मानाने अगदी कमी, पण रात्री बाकी सगळं शांत असतं म्हणून कळतं.

अवलिया७७

मुंबईत कृष्णा, गोदावरी, वैतरणा, सूर्या, तानसा अशी नावं होती. नदीचं नाव दिलेलं मशीन डोंगरातून वाट काढतं हे मला फार आवडलं होतं. १७ मशीनं, ४२ ब्रेकथ्रू, शेवटचा महालक्ष्मीला ३० नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हाचे फोटो बघितलेत का, भिंत फुटून मशीनचं तोंड बाहेर येतं आणि समोर कामगार नाचतायत. डोळ्यात पाणी आलं होतं.

फ्योर्डकाठी

मूळ विषयावर एक खडा टाकतो. बोगदेवाला म्हणाले कपची ताणाने फुटते. यावर अभ्यासकांमध्ये एकमत नव्हतं. १९७५ साली रॉक्सबरो आणि फिलिप्स यांनी जे गणित मांडलं त्यात दोन चरांमधला दगड शिअरने, म्हणजे बाजूला घसरून सुटतो असं धरलं होतं. दुसरे म्हणतात आडवा तडा उघडतो तो ताणाने. मला वाटतं दगड आणि अंतर बघून दोन्ही होत असावं.

सह्यकन्या

ठिसूळ, बारीक कणांच्या दगडात चाचणीनंतर ठोकळा आडवा कापून बघितला तर आडवे तडे स्वच्छ उघडलेले दिसतात, घासल्याच्या खुणा नसतात. बेसॉल्टसाठी मी ताणाच्या बाजूने. मऊ टफसाठी हट्ट धरणार नाही.

पाथरवट

दगडाची फुटलेली बाजू हातात घेऊन बघा. ताणाने फुटलेली बाजू खरखरीत आणि ताजी दिसते, घसरलेली गुळगुळीत, भुकटी चिकटलेली. हे आजोबांचं.

मेकॅनिक_मन्या

बोगदेवाला, कटर बदलण्याबद्दल लिहा ना. आत जाऊन बदलतात म्हणे.

बोगदेवाला

हो. मशीन थांबवायचं, कटरहेड थोडं मागे घ्यायचं, लॉक करायचं, हवा तपासायची आणि मॅनहोलमधून आत सरपटत जायचं. दगड मजबूत असेल तर मोकळ्या हवेत, नाहीतर दाबाखालच्या हवेत, त्याला वेगळे प्रशिक्षित लोक आणि डॉक्टरांची तपासणी. आत उकाडा असा की चष्मा घालूच शकत नाही. टॉर्च फेसवर मारला की समोर ती वर्तुळं दिसतात, एकात एक, अगदी नेमकी. चराच्या तळाशी पांढरट राखाडी पीठ दाबून बसलेलं, काळ्या पाषाणाचं पीठ पांढरं दिसतं हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. आणि दोन चरांच्या मध्ये ताजा काळाभोर तुटलेला दगड, कपच्या सुटल्याच्या शिंपल्यासारख्या खोलगट खुणा. पाणी गळत असतं.

मग एकेक डिस्क हाताने फिरवून बघायची. फिरली तर ठीक, गेज लावून किती झिजली ते मोजायचं. न फिरणारी सापडली की पोटात गोळा येतो. बेअरिंग धरलं की डिस्क एकाच जागी घासून चपटी होते, फ्लॅट म्हणतो आम्ही. ती आता दगड फोडत नाही, तिचा चर पडत नाही, मग तिच्या दोन्ही शेजारणींवर जादा भार. त्या गेल्या की त्यांच्या शेजारणी. एका साईटवर पट्ट्यावरच्या कपच्या बारीक होत चालल्यात हे एका हेल्परने सांगितलं होतं, वरून वेळेचा दट्ट्या म्हणून शिफ्ट चालू ठेवली गेली, आणि उघडून बघितलं तर ओळीने कटर खलास. त्या हेल्परचं ऐकलं असतं तर दोन डिस्कवर भागलं असतं. १७ इंची एक कटर दीडशे किलोच्या आसपास, चेन ब्लॉकला लटकवून त्या अंधाऱ्या फटीत बोल्टवर बसवायची, हात कुठे ठेवायचा याचं भान एक सेकंदही सुटून चालत नाही. हे काम करणारी बहुतेक मुलं झारखंड, ओडिशा, बिहार, बंगालची. त्यांचं कौतुक व्हायला हवं ते होत नाही.

म्हणून मी सगळ्या नवीन मुलांना सांगतो, स्क्रीन बघा पण पट्टाही बघा. तळहाताएवढ्या, चपट्या, लांबट कपच्या येतायत म्हणजे चरांची जोडी नीट जमतेय. भुकटी वाढली की काहीतरी बिघडलंय. चौकोनी मोठे ठोकळे यायला लागले की फेस सुटतोय.

अवलिया७७

हेल्परचं वाचून त्रास झाला. ज्याचा हात दगडाला लागतो त्याला आधी कळतं.

चहाबाज

तिसरा चहा झाला पण उठवत नाही इथून.

निशा_गिरगाव

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता परत माझ्या पहिल्या प्रश्नावर येते. धार का नाही? रेल्वेवेडांनी सांगितलं की बोथट जिंकली, पण का जिंकली? धार असेल तर तेवढ्याच भारात जास्त रुतेल ना, बोगदेवालांच्याच हिशोबाने?

मेकॅनिक_मन्या

टिकणार नाही. पातळ कडेवर २० टन आले की एकतर टवका उडेल नाहीतर कडा पसरून छत्रीसारखी होईल.

बोगदेवाला

मन्याभाऊ बरोबर, आणि त्यात अजून एक आहे. निशाताई, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पूर्वी पाचरीच्या आकाराच्या, व्ही धारेच्या डिस्क असायच्याच, आणि नवीन असताना त्या खरंच जास्त रुतायच्या. पण झिजत गेल्या की कडा रुंद होत जाणार, म्हणजे टेकणारं क्षेत्रफळ वाढणार, म्हणजे त्याच भारात दाब कमी. सोमवारी मशीन एका वेगाने आणि शुक्रवारी निम्म्याने. मग कडेचा भाग वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीचा ठेवायला लागले. अशी रिंग दोन-अडीच सेंटिमीटर झिजली तरी टोकाची रुंदी तीच, दाब तोच, कपची तशीच. तुम्हाला फोटोत दिसली ती बोथट कडा म्हणजे मुद्दाम ठरवलेली रुंदी आहे.

आणि झीज किती होते त्याचा अंदाज यावा म्हणून, ६.६ मीटरच्या मशीनची सगळ्यात बाहेरची डिस्क एका फेऱ्यात २० मीटरच्या वर धावते. फेऱ्याला ५ मिलिमीटर धरले तर एक मीटर बोगद्याला २०० फेरे, म्हणजे ती डिस्क चार किलोमीटरहून जास्त गडगडते, एका मीटरसाठी! केंद्रापासून अर्ध्या मीटरवरची तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास.

पेठकरी

मग बाहेरच्या आधी झिजणार. त्या झिजल्या तर बोगदा लहान पडणार नाही का?

बोगदेवाला

पडतो! म्हणून त्यांना, गेज कटर म्हणतो आम्ही, झिजायची मुभा सगळ्यात कमी, मधल्या डिस्कच्या निम्म्याहून कमी. त्या तिरक्याही बसवलेल्या असतात, बाजूचा भार जास्त खातात. झिजलेल्या गेजवर तसंच पुढे गेलात तर भोक मिलिमीटर मिलिमीटरने आवळत जातं आणि मागची शील्ड, म्हणजे मशीनचं पोलादी कवच, त्यात घट्ट बसते, मग नवीन कटर बसवायलाही जागा राहत नाही, हाताने ब्रेकरने दगड फोडून जागा करावी लागते. त्यामुळे मॅनहोलमधून आत गेलं की झीज मोजायचा गेज पहिला बाहेरच्या डिस्कला लागतो, मग बाकीच्यांना.

निशा_गिरगाव

बोगदेवालादादा, अजून एकच. मोठी डिस्क लावली तर कमी झिजेल का?

बोगदेवाला

कमी नाही, पण जास्त दिवस पुरते. १९ इंचीत झिजायला मटेरियल जास्त आणि बेअरिंग मोठं, भार ३० टनाच्या वर देता येतो, त्यामुळे टणक दगडातही पुरेशी रुतते. पण वजन २०० किलोच्या आसपास, बदलताना तेवढी जास्त मेहनत, आणि लहान मशीनच्या तोंडावर दाटी होते. बुलेट ट्रेनच्या बीकेसी ते शिळफाटा टप्प्याला किंवा ठाणे-बोरिवली बोगद्याला १३ मीटरच्या वरची मशीनं आहेत, तिथे मोठ्या डिस्कला जागाही आहे आणि गरजही, कारण बाहेरची डिस्क फेऱ्याला ४० मीटरच्या वर धावणार.

सह्यकन्या

ठाणे-बोरिवलीवर नॅशनल पार्कखालच्या दगडाबद्दल मी वेगळा धागा काढते, तिथे भांडू.